टिटवी दोन एक

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण कॅप्टनने बायकोला कधी नावाने हाक मारली नाही. तो तिला ‘बेस’ म्हणायचा. ‘बेस, माझा टॉवेल कुठाय?’ ‘बेस, चहा मिळेल का?’ नवीन राहायला आलेल्या शेजारणीला बिचारीला वाटलं, माहेरचं नाव असेल. तिने आपलं कौतुकाने ‘बेसताई’ म्हणायला सुरुवात केली, आणि कोणी तिची चूक दुरुस्त केली नाही.

हे नाव आलं होतं एका पत्र्याच्या खोलीतून. ती खोली एका चिमुकल्या विमान कंपनीची. कंपनी कसली, पंख्याची चार विमानं, एक गंजकी शेड आणि एक तापट मालक. कॅप्टनची बायको शिक्षण संपवून तिथे नुकतीच चिकटली होती. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कंपनीची विमानं वरून हाक मारतील तेव्हा खालून ओ द्यायची, हे तिचं काम. खालच्या त्या खोलीला सगळे बेस म्हणायचे. म्हणजे खोली ती आणि बाई तीच.

विमान कंपन्यांचं एक गमतीचं असतं बघा. आपल्याकडे एखाद्याचं शाळेच्या पटावर एक नाव, घरात दुसरं आणि मित्रांत तिसरंच, तसं त्यांचंही. तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर दोन अक्षरं. टॉवरच्या, म्हणजे विमानतळावरून उड्डाणांना वाट देणाऱ्यांच्या, कागदांत तीन अक्षरं. आणि रेडिओवर बोलायला एक हाकेचं नाव, खरखरीतूनही स्पष्ट ऐकू जाईल असं. कॉलसाइन म्हणतात त्याला, आणि त्याच्यापुढे उड्डाणाचा आकडा. ते कंपनीच्या पाटीशी जुळलंच पाहिजे असंही नाही, फक्त दुसऱ्या कोणाचं नको. या कंपनीने घेतलं होतं ‘टिटवी’. मालकाच्या आईने कपाळाला हात लावला म्हणे, विमानाला कोणी असलं नाव ठेवतं का. पण मालक कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही, मग आईचं काय ऐकणार.

तिथे एक नवा वैमानिक आला. पहिल्याच दिवशी वरून हाक आली, “बेस, टिटवी दोन एक. खाली चहा आहे का?”

“टिटवी दोन एक, बेस. वाऱ्याची दिशा विचारा, ती सांगते. चहाची चौकशी खाली येऊन करा.”

तो खाली आला आणि चौकशी करतच राहिला. त्या कंपनीत एक नियम मात्र दगडावर कोरलेला होता. बेसने ‘परत या’ म्हटलं, की परत यायचं. वाद नाही, कारण विचारणं नाही. कारण जमिनीवर आल्यावर विचारायचं. एकदा तो धावपट्टीच्या तोंडाशी पोचलेला असताना तिने त्याला परत बोलावलं होतं. तो धुमसत त्या पत्र्याच्या खोलीत आला, पुढच्या गावाच्या बिघडलेल्या हवामानाचा कागद तिने त्याच्यासमोर धरला, आणि त्याचा सगळा आवेश ओसरला. त्याच आठवड्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं. आपल्याला वेळेवर परत बोलावणारी बायको हवी, असं तो पुढे कौतुकाने सगळ्यांना सांगायचा.

टिटवी बुडाली. मालकाने शेडला कुलूप लावलं. तिची नोकरी गेली ती गेलीच, घर आणि मुलगा यांत वर्षं निघून गेली. कॅप्टन मोठ्या कंपनीत लागला, तिचं हाकेचं नाव ‘मशाल’. केस पिकेपर्यंत तो मशाल होता. आणि आता त्या मोठ्या कंपनीलाही तिच्याहून मोठी कंपनी गिळून बसली. विमानांचे रंग बदलले, टोप्या बदलल्या, आणि एका पहाटेपासून रेडिओवर सगळ्यांनी ‘शिखर’ म्हणायचं ठरलं.

ठरवणाऱ्याचं काय जातं? इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली हाक एका दिवसात कशी सुटणार? सगळे वैमानिक चुकत होते. “मशाल... चुकलं, शिखर पाच शून्य तीन,” असं रोज कोणीतरी बोलायचंच. टॉवरवाले हसून सोडून द्यायचे.

कॅप्टन म्हणाला, “बेस, माझी जरा तयारी करून घे.”

तिला तर हवंच होतं. दुपारी जेवणाच्या टेबलावर ती मटार सोलत टॉवर व्हायची आणि समोर तो चहाचा कप धरून विमान व्हायचा. तिचा आवाज आपोआप जुन्यासारखा सपाट, नेटका व्हायचा. “शिखर पाच शून्य तीन, धावपट्टी मोकळी आहे.” तो चुकला की ती मटाराचा दाणा फेकून मारायची. म्हातारपणी हे काय पोरखेळ, असं स्वतःलाच म्हणायची, आणि मनातून खूश असायची.

एका दुपारी ती म्हणाली, “शिखर पाच शून्य तीन, उतरायला परवानगी.”

“उतरतोय, टिटवी दोन एक.”

ती चक्क लाजली. “इश्श, आज कुठे स्वारी निघाली आहे?”

“कुठे म्हणजे?”

“टिटवी म्हणालात ना.”

“मी? छे. शिखरच म्हणालो.” आणि तो खरंच तिच्याकडे बघत राहिला. थट्टेचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती हाकलली. वय झालंय, दमतो माणूस, असं म्हणून तिने उरलेले मटार सोलले. पण त्यानंतर ती कानोसा घ्यायला लागली, आणि एकदा कानोसा घ्यायला लागलं की ऐकू यायला लागतं. त्याने मुलाला फोनवर तोच प्रश्न दोनदा विचारला. नेहमीच्या दुकानातून येताना भलत्याच रस्त्याने आला आणि म्हणाला, मुद्दाम फिरून आलो.

मग एक दिवस कॅप्टन आंघोळीला गेलेला असताना सहवैमानिक घरी आला. गोड स्वभावाचा, बडबड्या माणूस. कॅप्टन आपली टोपी विमानात विसरला होता, ती द्यायला आला होता. चहा घेता घेता म्हणाला, “काकू, एक विचारू? ही टिटवी कोण?”

तिच्या हातातली किटली तशीच राहिली.

“अहो, मशाल तर आम्ही सगळेच म्हणतो. पण साहेब परवा टॉवरला म्हणाले, टिटवी दोन एक. टॉवरवाला गोंधळला ना. असं नाव कोणाचंच नाही म्हणाला. मी पटकन सावरून घेतलं. आता रेडिओवर मीच बोलतो, साहेबांना म्हटलं, तुम्ही निवांत विमान चालवा.” तो हसला. “कोणाला सांगितलं नाही हं. साहेबांनी मला शिकवलंय, एवढं तर करायलाच पाहिजे.”

एवढं तर करायलाच पाहिजे. तो चांगुलपणानेच पांघरूण घालत होता, आणि तिला त्याचा राग आला आणि त्याला दोन बिस्किटं जास्त वाढावीशीही वाटली. सगळे मागच्या कंपनीचं नाव घेऊन चुकत होते, म्हणून तर याची चूक त्यात खपून जात होती. पण हा मागच्या नाही, त्याच्याही मागच्या कंपनीत जात होता. तिथे कोणी नव्हतं. त्या खोलीच्या जागी आता इमारती उभ्या होत्या. ते नाव ओळखणारी या शहरात ती एकटीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तिने मन घट्ट केलं. आपला अंदाज खोटा ठरावा म्हणूनच तिने तसं केलं, देवाशपथ. नेहमीच्या आवाजात म्हणाली, “टिटवी दोन एक, बेस.”

“बोला बेस.” क्षणाचाही उशीर नाही. “तळं ओलांडलंय. ढग खाली आहेत, पण दिसतंय. धावपट्टीवर कुत्री आहेत का बघा, काल होती. आणि आज तरी खाली चहा आहे का?”

तो हसत होता. खिडकीकडे बघत होता आणि त्याला खिडकी दिसत नव्हती. त्याचा अंगठा कपाच्या कानावर असा दाबलेला होता, जसं तिथे बटण आहे.

“अहो,” ती म्हणाली. मग त्याच्या मनगटाला धरून पुन्हा, “अहो.”

तो परत आला. कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “काय म्हणालो मी?”

तिने सांगितलं. काही हातचं राखलं नाही, सहवैमानिकाचंही सांगून टाकलं. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, “गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी तपासलंय. डोळे, हृदय, रक्त, सगळं ठणठणीत.”

“त्यांनी हे कुठे विचारलं?”

“नावांचा घोळ आहे हा, बेस. नावं बदलणाऱ्यांना विचार. विमान माझे हात चालवतात, आणि हात चुकत नाहीत.”

“आजवर नाही चुकले.”

“तू कोणाला बोलू नकोस. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. एवढी वर्षं उडून शेवटी डोक्याने गेलेला म्हणून उतरवणार मला?” त्याचा आवाज चिरकला. असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ती ‘बरं’ म्हणाली. काय म्हणणार? आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. सकाळी त्याचं उड्डाण होतं. त्याच्या पाठीमागे, पडद्याच्या पलीकडे, माणसं पट्टे बांधून बसणार होती. कोणाच्या मांडीवर मूल असेल, कोणी झोपी गेलेलं असेल. त्यातल्या एकालाही माहीत नसणार, की पुढे बसलेला माणूस मधूनच उठून एका बंद पडलेल्या गावी जाऊन येतो. तिचा जीव त्या माणसांसाठी तुटत होता, आणि या एका माणसासाठीही तुटत होता, आणि दोन्ही एकदम वाचतील असा मार्ग तिला सापडत नव्हता.

सकाळी तो तयार झाला. खांद्यावर चार पट्ट्या, नवी टोपी, बूट लखलखीत. खाली कंपनीची गाडी येऊन उभी राहिली. तिने दाराशी वाट अडवली.

“जाऊ नका. आजारी आहे म्हणून कळवा.”

“काल ठरलं ना आपलं?”

“मी बरं म्हटलं ते चुकलं. तुमच्या पाया पडते, जाऊ नका.”

“बाजूला हो. उशीर होतोय.”

“तुम्ही गेलात तर मी फोन करणार. त्यांच्या ऑफिसात मी स्वतः सांगणार सगळं.”

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं आयुष्यभराच्या संसारात कधी बघितलं नव्हतं. “मग कर,” तो म्हणाला. “पण मी जिना उतरून गेल्यावर कर. माझ्यासमोर नको.” आणि तिला हलकेच सारून तो दारातून बाहेर पडला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याचा बूट वाजला.

तिने ठरवलं होतं, ते शब्द वापरायचे नाहीत. माणसाच्या दुखण्याचा असा फायदा घ्यायचा नाही. पण खाली गाडीने हॉर्न दिला आणि तिच्या तोंडून तो सपाट, नेटका आवाज निघालाच.

“टिटवी दोन एक, बेस.”

बूट थांबला. त्याची पाठ तिच्याकडे होती.

“बोला बेस.”

“परत या.”

जिन्यात काही हललं नाही. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं. तो आत्ता कुठे उभा आहे, या जिन्यात की त्या धावपट्टीच्या तोंडाशी, तिला कळायला मार्ग नव्हता. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण त्याने कारण विचारलं नाही.

“परत येतोय,” तो म्हणाला. “टिटवी दोन एक.”

तो वळला, वर आला. खुर्चीत बसून त्याने आधी बुटांच्या नाड्या सोडल्या, सावकाश, एकेक. ती फोन हातात घेऊन उभी होती. तो कुठे आहे हे तिला अजूनही कळलेलं नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. त्याने हात पुढे केला, तिच्याकडून फोन घेतला आणि नंबर स्वतः लावला.

“शिखर पाच शून्य तीनचा कॅप्टन बोलतोय,” तो म्हणाला. “दुसरा कोणीतरी पाठवा. मी आज उडू शकत नाही. नाही, उद्याही नाही. डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन द्या मला. आणि माझ्या सहवैमानिकाला रागावू नका, तो चांगला माणूस आहे.”

महिनाभर ज्या शब्दासाठी ती त्याला मटाराचे दाणे मारत होती, तो त्याने न अडखळता उच्चारला. तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. त्याने फोन ठेवला, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि ती शांत होईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“बेस,” मग तो म्हणाला, “खाली त्या गाडीवाल्याला सांगून ये. बिचारा थांबलाय.”