अक्काच्या नावावरचं मणीकाम

धारवाडच्या आमच्या घरातली बाहेरची खोली सजायची ती फक्त अक्काला बघायला कुणी येणार असलं की. एरवी तिथं अप्पांच्या शाळेतल्या वह्यांचे गठ्ठे पडलेले असत. पाहुण्यांचा दिवस ठरला की आई ते गठ्ठे आत हलवायची आणि लाकडी पेटी उघडायची. दारावर मण्यांचं तोरण लागायचं, त्यात समोरासमोर दोन हंस. खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल, भिंतीवर चौकटीत बसवलेला रेशमी पोपट, कोनाड्यात काचमण्यांनी मढवलेली बाटली आणि तिच्यात कागदी गुलाब. आलेल्या बायकांपैकी कुणीतरी हमखास विचारायचं की हे कुणी केलं. आई सांगायची, थोरलीनं केलं, तिचा हात रिकामा म्हणून राहत नाही.

ते सगळं मी केलेलं होतं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. घरात मला तंगी म्हणत. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. हल्ली ज्याला सुभाष रोड म्हणतात तिथल्या एका दुकानातून अप्पा मणी आणून देत, आणि शाळेतून आले की मी चौकटीच्या कागदावर नमुना काढून ओवत बसे. अक्काला जवळचं धूसर दिसायचं. रस्त्यावरून कोण चाललंय ते ती गच्चीवरून ओळखायची, पण तांदळातले खडे तिला दिसत नसत. ते मी वेचून द्यायची. चष्म्याचा विषय आईनं कधी निघू दिला नाही. लग्नाआधी मुलीच्या डोळ्यांवर चष्मा चढला की संपलंच, असं ती म्हणायची. अप्पा यात लक्ष घालत नसत.

मला राग येत नव्हता. दाराआड उभी राहून मी माझ्या हंसांचं कौतुक ऐकत असे. ते अक्काच्या नावावर जातंय याचं काही वाटायचं नाही. जुन्या हुबळीतल्या कापडाच्या व्यापाऱ्यांकडून होकार आला तेव्हा तर मला वाटलं, लग्न मीच जुळवलं.

लग्नानंतरच्या चैत्रात अक्काच्या सासूबाईंनी हळदीकुंकू मांडायचं ठरवलं. सगळ्या गल्लीला आमंत्रणं गेली. गौरीची आरास नवी सून करणार आहे, नुसत्या मण्यांचं मखर बघायला या, असं त्यांनी शेजारणींना मोठ्या हौसेनं सांगून ठेवलं होतं. अक्काचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं की तंगीला आठ दिवस पाठवा, मला तिची फार आठवण येते. आईनं ते दोनदा वाचलं आणि माझं बोचकं बांधायला घेतलं. निघताना तिनं मला जवळ घेऊन बजावलं, दुपारी सगळी झोपली की दार लावून काम करायचं, आणि कुणी आलं तर सुई अक्काच्या हातात द्यायची.

आठ दिवस आम्ही तसंच केलं. मी ओवायची, अक्का शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. एकदा तिनं विचारलं, "हे दरवर्षी करावं लागेल का गं?" मी म्हटलं, मी दरवर्षी येईन. ती म्हणाली, "तुझं लग्न झाल्यावर?" मी मणी मोजत राहिले.

हळदीकुंकवाच्या दिवशी खोली खरोखर बघण्यासारखी झाली होती. गौरीच्या मागे पांढऱ्या मण्यांची जाळी, दोन बाजूंना हिरव्या नळीदार मण्यांच्या झालरी, वर मोरांची जोडी. बायका आंब्याची डाळ खात, पन्हं पीत बसल्या होत्या. "भाळ छलो आगेद री," फार छान झालंय हो, असं एकमेकींना सांगत होत्या. सासूबाईंचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात कुणाच्या तरी पदराला अडकून एका झालरीचा दोरा तुटला आणि मणी फरशीवर पसरले. सासूबाई मुळीच चिडल्या नाहीत. उलट त्यांना संधीच मिळाल्यासारखं झालं. त्यांनी सुईदोरा आणवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, एवढी सर ओवून टाक. बघू देत सगळ्यांना तुझा हात."

अक्का खाली बसली. तिनं सुई धरली आणि दोरा पुढं नेला. दोरा सुईच्या बाजूनं गेला. तिनं सुई लांब धरली, मग जवळ आणली. दोरा पुन्हा बाजूनं गेला. बायका कौतुकानं बघत होत्या, मग नुसत्या बघायला लागल्या. कुणीतरी हसून म्हणालं की घाबरली पोर. मी चार हातांवर बसले होते. उठून सुई घ्यावी तर सगळं उघडं पडणार, आणि बसून राहावं तर ते बघवत नव्हतं. मी बसूनच राहिले. अक्कानं एकदा मान वर करून मी जिथं होते त्या बाजूला पाहिलं. मी मान खाली घातली. ते मला आजही विसरता येत नाही.

शेवटी सासूबाई वाकल्या आणि त्यांनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. "राहू दे, दमलीस," म्हणाल्या, आणि त्यांनी ओटी भरायला घेतली.

बायका गेल्यावर त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. मला विचारलं, "हे सगळं तू केलंस ना?" हो म्हटलं तर आई खोटी पडत होती. नाही म्हटलं तर अक्काच्या हातात पुन्हा सुई येणार होती. मी रडायला लागले.

"रडू नको. तुझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांचं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तुझ्या आईनं कसं गृहीत धरलं, तेवढं तिला विचार." मग म्हणाल्या, "उद्या हे उतरवून घरी ने. आणि आता बोलावल्याशिवाय येऊ नको."

धारवाडला येऊन मी आईला शब्दन् शब्द सांगितलं. ती विळीवर भाजी चिरत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "पहिल्या स्थळाला मी खरं सांगितलं होतं. ती माणसं चहा न घेता उठून गेली. तुला ते ठाऊक नाही." मग म्हणाली, "मी काय करायला हवं होतं, तूच सांग."

सासूबाईंनी महिन्याभरात अक्काला मिरजेला नेऊन डोळे दाखवले आणि चष्मा करून घेतला. हे आम्हाला मेहुण्यांच्या दोन ओळींच्या पत्रातून कळलं. तिला घरात कुणी टोचून बोललं, असं कधी कानावर आलं नाही. पण दिवाळीला तिला पाठवलं नाही, संक्रांतीलाही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तेही त्यांनी हुबळीतच केलं. रेल्वेनं तासाभराची वाट. मी अप्पांच्या मागे लागले की मला एकदा नेऊन आणा. ते म्हणाले, "बोलावल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं?"

बोलावणं आलं ते त्याच बाळाच्या बारशाचं, त्या हळदीकुंकवानंतर दोन वर्षांनी. अक्का पाळण्याशी बसली होती, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. मी जवळ गेले तशी तिनं माझी हनुवटी धरली आणि चेहरा निरखून पाहिला.

"हा ओठावरचा तीळ कधी आला?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासूनच आहे."

ती आणखी काही विचारणार होती, पण आतून सासूबाईंनी हाक मारली आणि ती लगबगीनं उठून गेली. मी पाळण्याची दोरी हातात घेतली. संध्याकाळच्या गाडीनं आम्हाला परत निघायचं होतं.