भिंगाबाईंनी पुसू न दिलेला कॅमेरा

भिंगाबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली, आणि तिथल्या वस्तादांनी पहिल्याच महिन्यात त्यांना हे नाव ठेवलं. पुढे नणंदेने ते थट्टेथट्टेत घरात आणलं, घरातून गल्लीत गेलं, आणि मूळचं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

वस्ताद कडक होते. कामाच्या टेबलावर कोरडं फडकं दिसलं की ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. धूळ म्हणजे बारीक दगडच, आणि कोरडं पुसणं म्हणजे काचेवर दगड फिरवणं, हे त्यांनी बाईंच्या डोक्यात असं काही बसवलं होतं की घरी ताट पुसतानाही बाई आधी पाणी सोडायच्या. काच उजेडाकडे तिरकी धरायची, हलकेच फुंकर घालायची आणि वाफ कुठे रेंगाळते ते बघायचं. ओरखडा डोळ्याला दिसण्याआधी बाईंच्या बोटाला कळायचा.

मग तयार भिंगं यायला लागली. कारखान्याला कुलूप लागलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी भिंगाबाई गावाबाहेरच्या मालगोदामांच्या आवारात साफसफाईच्या कामाला लागल्या. त्यांचे यजमान शिलाईकाम करत. ते म्हणाले, "अगं, हातातली विद्या कुठे जात नाही." नणंद फटकळ होती. ती म्हणाली, "विद्या हातात राहू दे वहिनी, आता झाडू धरायचाय." बाई हसल्या. नणंदेचं बोलणं तिखट असलं तरी पहाटे डबा तीच भरून द्यायची.

आवार प्रचंड होतं. बारा गोदामं, मधून सिमेंटचे रस्ते, आवारातल्या आवारात माल हलवायला आठ निळे ट्रक. प्रत्येक ट्रकच्या पाठीवर पांढरा चौकोन आणि त्यात काळ्या रंगात एक ते आठ यांपैकी एक मोठा इंग्रजी आकडा. खांबाखांबावर कॅमेरे, आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर उलट्या वाटीसारखं प्लास्टिकचं पारदर्शक झाकण. खाडी जवळ असल्याने वारा खारट यायचा, आणि ऊन तर बारा महिने.

कचेरीशेजारच्या खोलीत या कॅमेऱ्यांची चित्रं दिसायची. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे पडदेवाला म्हणत. त्या खोलीची फरशी पुसताना एकदा बाईंनी मान वर केली आणि त्यांचा हात थांबला. अर्ध्याअधिक चित्रांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसत होतं. पडदेवाला म्हणाला की कॅमेरे जुने झालेत, आतली काच आंधळी झाली असणार. बाईंना ते पटलं नाही. चारच दिवसांनी त्यांनी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या माणसाला शिडीवर चढताना पाहिलं. त्याने मागच्या खिशातून कोरडं फडकं काढलं आणि झाकणावर असं खसाखसा फिरवलं की खाली उभ्या असलेल्या बाईंच्या दाढा आंबल्या.

त्या त्याला समजुतीने सांगायला गेल्या. आतली काच चांगली आहे, बाहेरचं झाकण धुकटलंय. एक तर उन्हाने, आणि वर या फडक्याने. तो हसला आणि शिडी उचलून पुढच्या खांबाकडे गेला. मग त्या व्यवस्थापकांकडे गेल्या. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. "ताई, तुम्ही फरशी बघा, कॅमेऱ्यांचं बघायला माणूस आहे," एवढं म्हणून त्यांनी मान खाली घातली. संध्याकाळी घरी हे ऐकून नणंद म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झाला की असंच होतं, वहिनी." बाई त्या रात्री एक घास कमी जेवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून येताजाता खांबांकडे बघायची सवय काही सुटली नाही.

दोन महिन्यांनी अपघात झाला. दुपारी साडेचारच्या सुमारास, सगळे चहाला गेलेले असताना, कुणाचा तरी ट्रक मागे येता येता मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीवर आदळला. भिंत आत आली, टेबल उलटलं आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या घोट्याचं हाड मोडलं. त्याला फक्त निळा रंग दिसला होता. ट्रक निघून गेला. अंगावर पोचे नसलेला ट्रक आवारात एकही नव्हता, त्यामुळे ट्रक तपासूनही काही कळेना. राहिला कॅमेरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत सगळे पडद्यापुढे जमले. चित्र धुरकट होतं, समोरून ऊन आल्याने आणखीच पांढरट, पण पांढऱ्या चौकोनात आकडा दिसत होता. आठ. आठ नंबरच्या ड्रायव्हरला सगळे लांब्या म्हणत. अठरा वर्षांत त्याच्या हातून साधी कुंडी फुटली नव्हती. तो म्हणाला की मी त्या वेळी सात नंबर गोदामामागे ट्रक लावून एकटाच बसलो होतो. साक्षीला कुणी नव्हतं. व्यवस्थापकांनी हात पुढे केला आणि लांब्याने किल्ल्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्याचा चेहरा इतका उतरला होता की कोपऱ्यात पोछा धरून उभ्या असलेल्या बाईंना बघवेना.

त्या पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या. इतर सगळे आकडा बघत होते, बाई आकड्याच्या कडा बघत होत्या. काळा रंग कडेला विरघळल्यासारखा पसरला होता. ओरखडलेल्या भिंगातून अक्षरं अशीच पसरतात; उघडी तोंडं मिटतात. आणि मिटलेली? मिटलेल्यांचं काय होतं?

"साहेब," त्या म्हणाल्या, "हा आठ नसेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेब म्हणाले की समोर दिसतोय की. बाईंनी सांगितलं की एवढ्या धुकटातून आठ असा दिसणार नाही, त्याची दोन्ही भोकं बुजून जातील. पण आपलं म्हणणं ऐकून कुणी मान्य करावं असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. आज साडेचारला, याच उन्हात, याच कॅमेऱ्यासमोर ट्रक उभे करून बघा, इतकंच त्यांचं मागणं होतं.

साहेब विचारात पडले. तेवढ्यात पडदेवाल्याने आठवण करून दिली की कॅमेरावाल्याला सकाळीच निरोप गेलाय, तो मागच्या फाटकावरचा कॅमेरा बदलायला निघालाय.

बाईंनी पोछा भिंतीला टेकवला आणि निघाल्या. त्या पळाल्या नाहीत, पण आवारात कुणी त्यांना इतक्या झपाट्याने चालताना पाहिलं नव्हतं. फाटकाशी कॅमेरावाला शिडी लावून दोन पायऱ्या चढलाही होता. हातात तेच फडकं. बदलण्याआधी एकदा पुसून बघावं, असा त्याचा विचार होता.

"खाली उतरा," बाई म्हणाल्या. "याला आज कुणी हात लावायचा नाही."

तो वैतागला. तुम्हीच तर म्हणत होता कॅमेरे घाण आहेत, असं म्हणाला. बाई शिडीच्या तळाशी पदर खोचून उभ्या राहिल्या. हे झाकण काल जसं होतं तसंच राहिलं पाहिजे, यावर एका माणसाची अब्रू अवलंबून आहे, असं त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं. मागून व्यवस्थापक आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "उतर. आजचा दिवस थांबू."

साडेचारला पडद्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आधी आठ नंबरचा ट्रक मागे घेत आणला. पडद्यावर पांढऱ्या चौकोनात नुसता काळा गोळा दिसला. आठ आहे की डांबराचा डाग, सांगता येईना. मग बाईंनी उघड्या तोंडाचा तीन नंबर आणायला सांगितला. तो फाटकाशी थांबला, आणि कालच्या चित्रातला आठ जशाच्या तसा पडद्यावर उमटला.

बाईंनीच पुढे सांगितलं की बाकीचेही आणा. पाच आणला, तोही बराचसा तसाच दिसला. पण पाच नंबर काल दुपारभर टायर बदलायला बाहेर गेला होता, फाटकावरच्या वहीत तशी नोंद होती. सहा नंबर तर आठवडाभर दुरुस्तीला खोलून ठेवलेला. एक, दोन, चार आणि सात यांचा काही केल्या आठ दिसेना.

"म्हणजे तीनच," साहेब म्हणाले.

"तीनच होता असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "मला जे दिसलं नाही ते मी सांगणार नाही. आठ नव्हता, एवढं सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं."

दाराशी तीन नंबरचा ड्रायव्हर उभा होता. ट्रक लावून तोही बघायला आला होता. तो पुढे झाला आणि मान खाली घालून म्हणाला की मीच होतो. धक्का लागला तेव्हा खड्डा वाटला, नंतर कळलं तेव्हा भीती वाटली, आणि सकाळी लांब्याचं नाव घेतल्यावर तर तोंड उघडायचा धीर झाला नाही. कालपासून आपण जेवलो नाही, असंही तो म्हणाला. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. काही महिने त्याला गाडी मिळाली नाही. मात्र म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं प्लास्टर निघेपर्यंत दर खेपेला त्याला दवाखान्यात नेऊन आणण्याचं काम त्याने आपणहून घेतलं आणि शेवटपर्यंत केलं.

साहेबांनी सगळ्यांदेखत लांब्याला किल्ल्या परत दिल्या आणि माझं चुकलं, असं स्पष्ट म्हणाले. लांब्या किल्ल्या घेऊन आधी बाईंपाशी आला. त्याला पुष्कळ बोलायचं असावं. पण तो फक्त "ताई" म्हणाला आणि किल्ल्या मुठीत धरून उभा राहिला. बाईंनी त्याच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, "जा, ट्रक उन्हात उभा आहे."

दुसऱ्या सकाळी त्यांनी ते झाकण उतरवून मागितलं. आधी त्यावर भरपूर पाणी सोडलं, मीठ आणि धूळ वाहून जाऊ दिली. मग साबणाचं पाणी, मग ओल्या मऊ कापडावर बारीक पॉलिशचा मलम घेऊन गोल गोल हात, जोर न लावता, तासभर. कॅमेरावाला आधी लांब उभा होता, मग जवळ आला, मग शेजारी बसला. झाकण परत बसलं तेव्हा पडदेवाल्याला फाटकाच्या कडीवरचा गंज दिसला. त्याने खुर्चीतून उठून साहेबांना बोलावून आणलं.

कॅमेऱ्यांच्या झाकणांची जबाबदारी बाईंकडे आली, साहेबांच्या सहीच्या पत्रासकट. झाडू दुसऱ्यांकडे गेला. त्यांनी साफसफाईच्या दोन बायकांना हाताखाली घेतलं आणि वस्तादांइतक्याच कडकपणे शिकवलं. काही झाकणं उन्हाने आतपर्यंत पिवळी पडली होती. ती बाईंनी स्वतःच बाजूला काढली. ही घासून सुधारणार नाहीत, नवीनच आणा, असं सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

एके दिवशी त्या जवळचं बघायचा चष्मा घरी विसरून आल्या. नणंद तो घेऊन दुपारी फाटकावर आली. घोटा बरा होऊन कामावर रुजू झालेल्या पहारेकऱ्याने कुणाकडे काम आहे म्हणून विचारलं. भिंगाबाईंची नणंद, असं कळताच तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि तिला स्वतः पडद्याच्या खोलीत घेऊन गेला. पडदेवाल्याने चहा मागवला. बाई तेव्हा सात नंबर गोदामाच्या खांबावर होत्या. त्यांनी नुकतंच झाकण बसवलं होतं आणि शिडीवरूनच ते नीट बसलंय का हे बोटाने चाचपत होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा अगदी जवळून, कपाळावरच्या घामाच्या थेंबांसकट लख्ख दिसत होता.

"ती माझी वहिनी," नणंदेने पडदेवाल्याला सांगितलं.

पडदेवाला म्हणाला की आम्हाला माहीत आहे. तरी तिने मागून आलेल्या कॅमेरावाल्यालाही तेच सांगितलं, आणि बाई शिडीवरून खाली उतरेपर्यंत चहाच्या कपाला हात लावला नाही.