पाठवणीचा उरलेला सूर

सणासाठी माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढला आहे आणि सकाळपासून माझी त्याच्याशी झटापट चालली आहे. चिंच, मीठ आणि ओलं पितळ यांचा मिळून एक आंबट, किंचित कडवट वास येतो. इतरांना तो मोरीचा वाटेल. मला तो लग्नाचा वाटतो. पारनेरला आमच्या माहेरच्या गल्लीच्या टोकाला बँडवाल्यांची घरं होती. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी त्यांच्या अंगणात घोंगड्या अंथरून ट्रम्पेट, कर्णे आणि ती अजगरासारखी वेटोळी घातलेली मोठी वाद्यं चिंचेनं घासून उन्हात ठेवलेली असत. वर दोरीवर सोनेरी झालरीचे लाल कोट. आम्ही मुली शाळेतून येताना त्या पितळेत आपली वाकडीतिकडी तोंडं बघून खिदळत असू. क्लॅरोनेट मात्र त्या उन्हात कधी दिसलं नाही. ते मास्तरांचं, काळं, लाकडी. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं ते आतल्या खोलीत असे.

मास्तर म्हणजे त्या बँडचे प्रमुख. त्यांच्या बँडची एक कॅसेट निघाली होती आणि ती आमच्याकडे काय चालली म्हणून सांगू! रसवंतीत, पिठाच्या गिरणीत, वडापच्या जीपमध्ये, जिकडे जावं तिकडे तीच. शेवटची चाल पाठवणीची. क्लॅरोनेट एकटंच सुरू होई, मग बाकीची वाद्यं दबकत त्याच्या मागं येत, सूर चढत चढत जाई आणि ऐकणाऱ्याचा श्वास छातीत अडकलेला असतानाच खट्. संपलं. टेपच संपली होती. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा अंदाज चुकला आणि मास्तरांना ते कळलं कॅसेट बाजारात आल्यावर. लोकांना वाटलं, चाल अशीच असणार. दुसरे बँड कॅसेटवरून ती उचलू लागले, तेही तिथंच थांबू लागले, आणि बघता बघता रीत पडली: सूर तुटला की नवरीनं गाडीत बसायचं. मास्तरांनी सुरुवातीला पुढचं वाजवून पाहिलं. पण ती जागा आली की गाडीचं दार लागायचंच. "नवरीच गेली, आता काय फुफाट्याला वाजवून दाखवू?" असं म्हणत शेवटी तेही तिथंच थांबायला लागले.

माझी पाठवणी त्याच तुटक्या सुरावर झाली. मला शेवगावला दिलं होतं. जिल्हा एकच, पण मधे नगरला एसटी बदलायची म्हणजे सगळा दिवस मोडायचा, आणि माझ्या आईला नगरच्या पलीकडचं सगळं परदेशच वाटे. तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. सूर तुटला आणि तिची बोटं आपोआप सुटली. मला त्या बँडचा राग आला होता, खरंच राग. आणखी चार सूर वाजवायला यांचं काय जात होतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं म्हणत असे. संसाराच्या रगाड्यात तो राग विरला, कॅसेटीही विरल्या. आता लग्नात भिंती हादरवणारे स्पीकर असतात, आणि त्यांच्या तावडीतून सुटलेल्या एखाद्या लग्नातच बँड ऐकू येतो.

गेल्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. मास्तर ती कॅसेट पुन्हा काढत होते. चाली त्याच, बँड तोच, पण पाहुणे वादक बोलावलेले. पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या नातवानं सगळं जुळवलं होतं. पुण्याच्या एक व्हायोलिनवादक बाई येणार होत्या, एक संबळवाले गोंधळी येणार होते, आणि इथं भावाचा आवाज उगाचच खाली आला, शेवगावच्या बँडचे मास्तर येणार होते. आमच्या गल्लीसाठी ही साधी बातमी नव्हती. एका लग्नसराईत हे दोन बँड नगरच्या चौकात समोरासमोर आले होते. मागं हटायला कुणी तयार नाही. दोघांनी असं वाजवायला घेतलं की दोन्ही घोडे बुजले आणि दोन्ही नवरदेवांना खाली उतरवून चालवत न्यावं लागलं. तेव्हापासून दोघं समोर आले तर एकमेकांना 'मास्तर' म्हणत. त्यापुढं बोलणं नाही. शेवगावच्या मास्तरांना बोलावण्याचा आग्रह नातवाचा होता. आमच्या मास्तरांना एवढंच हवं होतं की पाठवणी एकदा पुरी व्हावी. पुढचा भाग त्यांच्याखेरीज कुणालाच येत नव्हता, आणि त्यांना आता ओटा चढतानाही दम लागत होता.

ते ऐकायला मी पारनेरला गेले. लग्नाची तिथी नव्हती, म्हणून मंगल कार्यालय मोकळं होतं. नातवानं खिडक्यांना गाद्या आणि गोधड्या टांगल्या होत्या. गल्लीतल्या बायका भिंतीशी बसल्या होत्या आणि त्यांना बांगड्यांचा आवाज करायची बंदी होती. पहिला घोटाळा झाला तो खुर्च्यांचा. मंडळींना खुर्च्यांवर बसवलं आणि लय कुठल्या कुठे गेली. जन्मभर चालत वाजवलेलं, ताल होता तो पायांत. अखेर खुर्च्या बाजूला सारल्या आणि सगळे जागच्या जागी पावलं टाकत वाजवू लागले. पुण्याच्या बाईही चपला काढून त्यांच्यात शिरल्या. मग एकेक चाल नीट उतरत गेली.

पाठवणीशी गाडी अडली. जुन्या जागेपर्यंत मास्तर सुंदर आले, पण पुढं पाऊल टाकलं की खोकल्याची उबळ. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. नातू म्हणाला, "आजोबा, तुकड्या-तुकड्यानं वाजवा, मी जोडतो."

"आरं, ती काय फाटकी गोधडी हाय का जोडायला?" मास्तर म्हणाले आणि क्लॅरोनेट मांडीवर घेऊन खालीच बसले. इतक्या लोकांत मला एकाएकी फार भीती वाटली. हे सूर आता या माणसाबरोबरच जाणार, असं वाटलं.

शेवगावचे मास्तर कोपऱ्यातून उठून त्यांच्यासमोर फरशीवर येऊन बसले. "मास्तर, तुमी तोंडानं म्हना. मी वाजवतो."

आमचे मास्तर थोडे पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "पयलं हुतं ते जाणं. फुडचं येणं हाय. माझ्या बापानं बांधलेलं. पोरगी निघाली की दोनी वाजवायचं, म्हंजी तिच्या आईला कळतं, की मांडवपरतणीला येती पोरगी म्हागारी. लई घाई न्हाई करायची. पोरगी येशीतनं चालत येती हाय, असं वाजवायचं." आणि ते हलक्या आवाजात गुणगुणू लागले. समोरचे मास्तर ओळ ऐकत, वाजवत, चुकत, पुन्हा ऐकत. आयुष्यभर स्पर्धेत घालवलेली ती दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

मग सगळे उभे राहिले. मास्तरांचं क्लॅरोनेट एकटंच निघालं, वाद्यं मागून आली, सूर चढला आणि त्या जागेशी येऊन तुटला. शेजारच्या काकूंनी सवयीनं डोळ्याला पदर लावला. एकजण तर उठायलाही लागली. तेवढ्यात शेवगावच्या क्लॅरोनेटनं तो सूर तिथंच उचलला आणि हळूच खाली उतरवायला सुरुवात केली. त्यात व्हायोलिन मिसळलं. संबळ इतकं हलकं वाजत होतं की पैंजण वाटावेत. काय होतं ते! मी इतकी वर्षं ज्याला शेवट समजत होते, तो नुसता वळसा होता. माझ्या अंगावर काटा उभा राहिला आणि तो चाल संपेपर्यंत गेला नाही. उठलेली बाई उभीच्या उभी राहिली होती. मला आईची आठवण आली. परतीचे सूर तिच्या दारात कधी वाजलेच नाहीत. ती नुसतं जाणं ऐकून घरात गेली होती. मी हे तिला सांगू शकत नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

चाल संपल्यावर मास्तर शेवगावकरांना एवढंच म्हणाले, "आता तुमच्याकडं बी वाजवा."

काळ सगळं पुसून नेतो, असं आपण म्हणतो. कधी कधी तो नुसता अर्धवट सोडून पुढं गेलेला असतो, आणि उरलेलं कुणाच्या तरी गळ्यात तसंच शाबूत असतं. परवा शेवगावला माझ्या पुतणीचं लग्न झालं. बँड तिथल्याच मास्तरांचा. संध्याकाळी पाठवणी सुरू झाली, सूर त्या जागी चढला, नवरीचा एक पाय गाडीत गेला, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि क्लॅरोनेट थांबलंच नाही. पोरगी गोंधळली. बसावं की उभं राहावं तिला कळेना. तिच्या आईनं सुटलेला हात पुन्हा धरला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की ताई, उशीर हुतोय."

माझ्या मागं उभी असलेली एक म्हातारी त्याच्यावर खेकसली, "थांब रं! आजून हाय फुडं."

त्यानं इंजिन बंद केलं.