खिडकीशी ठेवलेली फांदी

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्यावरच पाळत ठेवून असेल. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. नोकरी भातसा धरणावर झाली. धरण उशाशी आणि पाणी मुंबईला, हे जन्मभर बघितल्यामुळे आपलं जे आहे ते कोणीतरी परस्पर नेणारच, ही त्यांची खात्री. धसईच्या बाजारात शेणखत घेताना म्हैस कोणाची, तिला काय खायला घालतात, इथवर चौकशी. शेवटी विकणारी बाई म्हणाली, "बाबा, म्हशीलाच विचारा."

हे खत जायचं अंगणातल्या एका गुलाबाला. गुलाब कसला, माडच! सगळी फुलं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारीण आजींच्या खिडकीशी. आजींचे गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. रोज सकाळी त्या खिडकीतून देवापुरतं एक फूल खुडायच्या आणि वरून सांगायच्याही, "भाऊ, एक घेतलं हां." एकच कशावरून, म्हणून मामा खालून अर्धा तास भांडायचे.

मी म्हटलं, पाऊस सरला की छाटा, फुलं खाली येतील. तर तुला कोणी पाठवलं, असं मलाच विचारलं! पण छाटला. फांदीवरच्या बाहेर तोंड केलेल्या कोंबांच्या डोळ्यांवर तिरपे काप, सुकल्या काड्या साफ, बुंध्याशी शेणखत, आंबवलेल्या पेंडीचं पाणी. दीडेक महिन्यात कमरेएवढ्या झाडावर फुलंच फुलं. मामा जिंकले. फक्त सकाळी वरून हाक येईना. चार दिवस कान देऊन ते मला हळूच म्हणाले, "म्हातारी गप का रे? काय तरी डाव हाय."

डाव कसला, डोंबल! खिडकीशी फूलच नाही म्हटल्यावर आजी खिडकीत येत नव्हत्या.

पुढच्या छाटणीला मामांनी एक लांब फांदी ठेवली. चोर पकडायचा तर वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणाले. ती खिडकीपर्यंत जाऊन फुलली, तोवर आजींना मुलाने मुरबाडला तळमजल्याच्या घरी नेलं होतं. फूल वरच सुकलं.

यंदा छाटताना मी त्या फांदीला कात्री लावली, तसा मामांनी माझा हात धरला.

"ती ऱ्हाऊ दे. आली म्हातारी, तर काय घेईल?"

मी कात्री त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी खिशात घातली, माझ्यावर भरवसा नाही म्हणून.