दादाला सांगितलेला इंग्रजी पिक्चर

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आपलीच तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला. माझी दीडच गेली. मग त्यांनी गालाच्या आतला एक तुकडा तपासायला काढून घेतला. जखम साधी आहे की कॅन्सर, ते रिपोर्ट आल्यावर कळेल, आठ दिवसांनी या. तोवर बोलायचं नाही, तिखट बंद, तंबाखूचा खर्रा कायमचा बंद. मी मान डोलावली. इंजेक्शनने गाल बधिर झाला होता आणि खरं सांगायचं तर मीही झालो होतो. भीती वाटायला हवी होती, ती काही आली नाही.

मी कारंज्याला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. बोलणं हाच धंदा, त्यामुळे रजा टाकून शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात येऊन पडलोय. आज सातवा दिवस. दुपारी जेवण झाल्यावर दादा माझा लॅपटॉप घेऊन खाटेवर येऊन बसला. त्याला तोच पिक्चर पाहायचा होता. माझ्या मोठ्या भावाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, पण हा पिक्चर तो वर्षातून एकदा तरी लावायला लावतो.

पिक्चर ब्रिटिश आहे. थंड, ओलसर गावातली चार-सहा रिकामी पोरं गर्दच्या नशेच्या नादी लागतात, सोडतात, पुन्हा लागतात. मी तो बीएडच्या होस्टेलवर पाहिला होता. माझ्या आजच्या विद्यार्थ्यांपेक्षा तो पिक्चर जुना आहे, तरी रजेच्या आधी वर्गात एका मुलीने मला विचारलं, सर, तुम्ही पाहिलाय का? पाहिलाय म्हटलं. भावाला दाखवलाय हे कशाला सांगू?

दादा शेलूबाजार-मंगरूळपीर काळीपिवळी जीप चालवायचा. एकदा जीप नाल्यात गेली आणि त्याची पाठ गेली. दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. दिवसभर डोळे अर्धे मिटून ओट्यावर बसायचा, हाक मारली तर हसायचा. एक दिवस सवारी भरलेल्या जीपमध्ये स्टिअरिंगवरच झोपला. जीप उभी होती म्हणून निभावलं. मग त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, आणि महिनाभराने तो घरी आला तेव्हा निम्मा झाला होता.

मी मास्तर. मास्तराला वाटतं, दाखवलं की माणूस शिकतो. त्याला जरा दहशत बसावी म्हणून मी त्या दिवाळीच्या सुट्टीत पिक्चर लावला आणि शेजारी बसून वऱ्हाडीत सांगू लागलो. आता कबूल करतो, मलाही निम्मं कळत नव्हतं. त्या पोरांची इंग्रजी पुस्तकातली नाहीच. आपण वऱ्हाडीत अक्षरं खातो तशी ती खातात. उरलेलं मी माझ्या मनाने घालत होतो.

शिवाय माझ्या तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा, हे आमच्याकडे चहापाण्यासारखंच. तोंड भरलेलं असताना सांगता येत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी पिक्चर थांबवून मी अंगणात थुंकून येत होतो. परत आलो की पन्नी पुन्हा तळहातावर. तिसऱ्या खेपेला मी एक चिमूट दादापुढे धरली. महिनाभर गोळी घेतली नाही, त्याचं बक्षीस. माय आतून म्हणालीसुद्धा, "दे त्याले, तोंड रिकामं राह्यलं का गोळ्या याद येते."

दादाने हात मागे घेतला. "हे बी तेच हाय."

"काई बी! खर्रा का नशा हाय?" मी हसलो. मायही हसली.

"मंग तू दर घडीले पिक्चर काहून थांबवून राह्यला बे?"

मी प्ले दाबलं.

तो घाबरला वगैरे काही नाही. सुरुवातीला खो-खो हसला. मग सुई टोचल्यावर एका पोराचा चेहरा सैल पडला, तिथे तो पुढे सरकला. "याले मालूम हाय," म्हणाला.

"काय?"

"का किती बरं वाटते म्हनून."

केंद्रातल्यांनी, मायने, मी, सगळ्यांनी त्याला गोळ्या किती वाईट हेच सांगितलं होतं. बरं कसं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. मला विचारायचंही नव्हतं. राग होता माझा त्याच्यावर.

पुढे त्यांच्यातला एक पोरगा मरतो. दहशत बसावी म्हणून तर पिक्चर लावलेला, आणि नेमक्या जागी माझी जीभ वळेना. दादाचा चेहरा पाहिला आणि बोलून गेलो, "हा मुंबईले गेला. कामाले."

"कोनाले येडं बनवतं बे? मयत हाय ना ते."

गोळ्या त्याने सोडल्या. पिक्चरमुळे असं मी म्हणणार नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, आपली गोष्ट कोनी शिव्या न देता सांगते, म्हनून पाहावं वाटते. आता त्याच्या जीपमध्ये बडीशेपेची पुडी असते. मी मात्र खर्रा घोटत राहिलो, कारण ती काही नशा नव्हती. पोरांना शेक्सपियर शिकवताना फळ्याकडे वळून गालातली गोळी सरकवायचो. शेवटी शेवटी मसाल्याची भाजी झोंबायची, जांभई अर्ध्यात अडकायची. मी भाजीत दही घालून खायचो आणि गप्प बसायचो.

तर आज पिक्चर सुरू झाला आणि दादा मला सांगू लागला. माझीच वाक्यं, मी मनाने घातलेली, एकही न विसरता. कुठे कोण कोणाला काय बोलला, सगळं वऱ्हाडीत. अधूनमधून मीच विसरलेले विनोद. मध्ये एकदाही त्याने पिक्चर थांबवला नाही. मी लवंग चघळत पडून होतो. उद्याचा रिपोर्ट डोक्यात होता, पण दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. सकाळी सातला निघायचंय, दादाने जीप धुऊन दारात आणून लावली आहे.

त्या पोराचा प्रसंग आला. पेटी, काळे कपडे, मान खाली घातलेली मित्रमंडळी. दादा थांबला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिला.

"हा मुंबईले गेला," तो म्हणाला. "कामाले."

मी मान डोलावली. सात दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली.