खारदांड्याच्या वरच्या खोलीला इंग्रजी नाव शोधताना

यंदाच्या थंडीत डोंगर नाही, किल्ला नाही आणि विमानाचं तिकीट तर नाहीच. मुलुंडहून निघाले आणि घाटकोपर, अंधेरी, चारकोप करत खारदांड्याला पोचले. नवरा म्हणाला, याला प्रवास म्हणत नाहीत, फिरफिर म्हणतात. म्हणू दे. ज्यांना मुंबईत स्वस्तात राहायचंय किंवा आपल्या घरात पाहुणे ठेवायचेत, त्यांनी मात्र पुढे वाचावं.

कारण झाली हर्षा, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. माहेर खारदांड्याच्या कोळीवाड्यात, सासर बोरिवलीला. तिची आई, कमळमावशी, आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकत आली. आता गुडघ्यांनी संप केलाय. चारकोपला राहणारा भाऊ जितेश म्हणतो, आई, माझ्याकडे चल. मावशीला स्वतःचं घर सोडायचं नाही. शेवटी तह झाला: वरची खोली पाहुण्यांना द्यायची. पहिले पाहुणे टिकले तर मावशी दांड्यातच राहणार, नाहीतर त्याच संध्याकाळी जितेश तिला घेऊन जाणार. पाहुणे रविवारी दुपारी येणार होते आणि वेबसाइटवर खोलीला काय म्हणायचं यावरून हर्षाची झोप उडाली होती.

"तू एवढ्या लॉजमध्ये राहिलीयस ना, मग चल माझ्यासोबत. हे इंग्रजी शब्द म्हणजे नक्की काय असतं ते बघू," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मुलुंडहून बसनं घाटकोपर. खिडकीची जागा मिळाली तर हा प्रवास मस्त आहे, नाही मिळाली तर विचारू नका. तिथे एका सोसायटीत 'ट्विन शेअरिंग रूम' पाहिली. दोघांनी मिळून राहायची खोली असेल असं आम्हाला वाटलं होतं. खोलीत चार पलंग होते. ट्विन कोण, हे मालकीणबाईंनी सांगितलं नाही, पण ढोकळा मात्र प्रेमानं खिलवला.

घाटकोपरहून मेट्रोनं डी. एन. नगर. गार डबा आणि चाळीसच्या आसपास तिकीट, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. रात्रीचा मुक्काम अंधेरीत 'लक्झरी स्टुडिओ'त. एकाच खोलीत पलंग, टेबल, बेसिन आणि कोपऱ्यात एक किटली. किटलीच्या वर पाटी: 'किचनेट'. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या खोलीतही सगळं एकातच होतं, शिवाय नऊ माणसं राहत होती. आम्ही स्टुडिओत वाढलो हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, नाहीतर शाळेत किती भाव खाल्ला असता. दाराला नंबर दाबून उघडायचं कुलूप, त्यामुळे आलो-गेलो ते कोणालाच कळलं नाही. हर्षा खूश. तिनंही माहेरच्या घराला बाहेरून लोखंडी जिना लावून घेतला होता. पाहुण्यांना घरातून जायला नको, 'प्रायव्हेट एन्ट्रन्स'. मावशी त्यावर काही बोलली नव्हती. मावशी गप्प राहिली की सावध व्हावं, हे हर्षाला खरं तर ठाऊक असायला हवं होतं.

रविवारी सकाळी अंधेरी पश्चिमहून दुसरी मेट्रो, मग रिक्षानं चारकोप. जितेशनं हौसेनं घर दाखवलं: मास्टर बेडरूम, किड्स रूम आणि शेवटी 'मॉम्स रूम'. बाल्कनी आत घेऊन केलेली छोटी जागा. ताजा पिवळा रंग, नवा टीव्ही, गुडघ्यांना बरी पडेल अशी उंच खुर्ची. पोरानं जीव ओतला होता, खोटं कशाला बोलू. पण काचेबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. मावशीला त्या खुर्चीत दिवसभर बसलेली मी डोळ्यांसमोर आणली. हर्षानं घड्याळ पाहिलं आणि निघायची घाई केली.

तिथून परतीची मेट्रो, जुहूवरून रिक्षा, की खारदांडा. पाणी ओहोटीला लागलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या. आम्ही गल्लीत शिरलो तर पाहुणे, नाशिकचं एक जोडपं, आमच्या आधीच येऊन उभे. साठीच्या बाई, ओढणी नाकाला. काका मान वर करून जिन्याकडे बघत होते.

नव्याकोऱ्या लोखंडी जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर, वरपासून खालपर्यंत, जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीनं टांगलेले ओले बोंबील. 'प्रायव्हेट एन्ट्रन्स' थेंब-थेंब गळत होता.

"आई, हे काय केलंस गं?" हर्षा रडकुंडीला आली.

मावशीला खरंच कळेना आपलं चुकलं कुठे. कठडा रिकामा होता, ऊन कडक होतं, बोंबील ताजे होते. कोळणीनं आणखी काय करायचं असतं? शेजारणीनंही निम्मा जिना मागून घेतला होता. आणि पाहुणे जिन्यानं कशाला जातील, हा तिचा सवाल. पाहुणा दारातून येतो, चुलीपाशी बसतो, मग वर जातो. मागच्या बाजूनं चढतो त्याला दांड्यात पाहुणा म्हणत नाहीत.

वाट लागली, मी मनात म्हटलं. बाई मासे खात नाहीत हे काकांनी हळूच सांगितलं, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली. मला चारकोपची ती खुर्ची दिसायला लागली.

मावशी गुडघ्यावर हात ठेवत दारात आली. तिनं बाईंकडे नीट पाहिलं.

"बाय, वास जायाचा नाय, खोटा कशाला बोलू. चाय तरी पी. मंग जायाचा तर जा. सकाळपासून काय खाल्लास?"

बाईंनी ओढणी खाली घेतली. मुलीला अंधेरीत नोकरी लागलीय, तिला भेटायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तीन दिवस हॉटेलात होतो. जेवलात का, असं आज पहिल्यांदा कोणी विचारलं."

आणि त्या आत येऊन थेट स्वयंपाकघरात पाटावर बसल्या.

पुढचा तासभर आम्हाला कोणी विचारलंच नाही. मावशीनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मासळीला न लागलेलं पातेलं शेजारून मागवून वांग्याची भाजी टाकली. काकांनी सुकट मागून घेतलं. बाईंनी भाकरी मोडता मोडता मुलीच्या लग्नाची चिंता सांगितली, मावशीनं तीन स्थळं सुचवली, तिन्ही कोळ्यांची. बाई डोळ्यात पाणी येईतो हसल्या.

पाचच्या सुमाराला जितेश आला. दारातच ठरल्याप्रमाणे विचारलं, "आई, बॅग कुठंय?"

"त्या काय दोन," मावशीनं भाकरीवरची नजर न काढता सांगितलं. "पाहुन्यांच्या हायत. वर नेऊन ठेव."

त्यानं दोन्ही बॅगा उचलल्या आणि घरातल्या जिन्यानं वर चढला. मला एवढा आनंद झाला की मी हर्षाचा दंड चिमटून लाल केला.

रात्री हर्षानं वेबसाइटवरचं 'सी ब्रीझ स्टुडिओ विथ प्रायव्हेट एन्ट्रन्स' खोडलं. त्या जागी लिहिलं: वरची खोली, खाली आमचं घर, बोंबलांचा वास येतो, जेवण मावशीच्या चुलीपाशी.

मुलुंडला परतले आणि आमच्या 'गेस्ट रूम'चं दार उघडलं. पलंगावर इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यात पंखा, भिंतीला टेकवलेली जुनी गादी. गेस्ट शेवटचा कधी आला ते नवऱ्यालाही आठवेना. पुढच्या रविवारी दोघांनी मिळून खोली साफ केली, नवी चादर घातली आणि मी हौसेनं मावशीला फोन लावला: चार दिवस राहायला ये, आराम कर.

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हिंदीत मीठ मागत होतं.

"येईन गो कवातरी," मावशी घाईघाईनं म्हणाली. "आता मना वेल नाय."