रमाबाईंची भूक

दिगंबर मेश्राम गेले आणि त्यांच्या पत्नीची, रमाबाईंची, अन्नावरची वासनाच उडाली. नागपूरचं इंदोऱ्यातलं घर बंद करून आयुषने आईला आपल्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आणलं, पण इथेही तीच गत. ताटातलं नुसतं चिवडायचं आणि 'पोट भरलं' म्हणून उठायचं. सून भावना पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी सगळं करून बघत होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. रमाबाई वाळतच चालल्या. त्या कशाबद्दल तक्रार करत नसत, त्याचीच भावनाला जास्त काळजी वाटे.

ऑफिसातल्या मैत्रिणीने भावनाला कोरियन लोकांच्या शनिवारच्या बाजाराबद्दल सांगितलं होतं. एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "आई, चला. नुसता राउंड मारून येऊ."

"मले कायले नेतेस? पोरीजवळ बसते मी."

"केयाला आयुष बघेल. चला तुम्ही."

पाऊस भुरभुरत होता. पार्किंग लॉटमध्ये ताडपत्र्या ताणून गल्ल्या केल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं मांडली होती. हातभर लांब मुळे, लाल तिखटाचे ढीग, लोणच्याच्या बरण्या. बायका भाजी उलटीसुलटी करून पाहत होत्या, दुकानदार ओरडून बोलावत होते. रमाबाई सुकटीच्या टोपल्यापाशी थबकल्या. चिमूटभर उचलून त्यांनी वास घेतला. नागपूरला कमाल चौकातल्या बाजारात सुकट घेताना दिगंबर हमखास घासाघीस करायचे आणि त्या लाजून चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहायच्या. ते सगळं एकदम वर आलं. सकाळपासून पोटात अर्धा कप चहाच होता. डोळ्यांपुढे अंधारी आली.

कुणीतरी दंड घट्ट धरला. समोरच्या दुकानात तव्यापाशी बसलेली म्हातारी कोरियन बाई धावत आली होती. तिने रमाबाईंना आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं. मग काही न विचारता तव्यावर पळीभर वाटण घातलं, वर कांद्याची पात पेरली. मुगाचा खरपूस वास सुटला. दोन्ही बाजूंनी भाजून तिने तुकडा मोडला, फुंकर मारली आणि रमाबाईंच्या हातात ठेवला.

ते धिरडंच होतं. रमाबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. म्हातारी तुकडे मोडून देत राहिली.

मिरच्या घ्यायला पुढे गेलेली भावना परत आली ती घाबरीघुबरी होऊन. "आई, काय झालं?"

"काही नाही. खाऊन राहिली ना मी."

म्हातारी दुकानात मदत करणाऱ्या आपल्या मुलीशी काहीतरी बोलली. मुलीने ते इंग्रजीत भावनाला सांगितलं: "माझी आई विचारते, यांचे मिस्टर गेले का? बाबा गेले तेव्हा तीपण अशीच झाली होती. जेवायची नाही. तुम्ही रोज सोबत जेवायला बसता ना यांच्या?"

भावना आणि आयुष लॅपटॉप पुढ्यात घेऊन जेवत. आईंचं ताट वेगळं, आधी वाढलेलं असे.

"काय म्हणते ती?" रमाबाईंनी विचारलं.

भावनाने सगळं सांगितलं, सोबत जेवायला बसण्याचंही. रमाबाईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "तुमचं काम असते बाई, मले समजते. पण बरं वाटलं, कोणी विचारलं तर." मग त्यांनी त्या म्हातारीचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. बोलायला भाषा नव्हती, म्हणून कपाळाला लावला.

घरी येताना भावनाने सुकटीचं पाकीट घेतलं. संध्याकाळी रमाबाईंनी स्वतः ती भाजली, कांदा-टोमॅटो घालून चटणी केली. घरभर वास भरला तशी भावनाने खिडक्या उघडल्या आणि आयुषचा लॅपटॉप उचलून आत नेऊन ठेवला.

"यार, एक मेल राहिलाय," तो म्हणाला.

"जेवण झाल्यावर."

तिघं एकत्र बसली. केया रमाबाईंच्या मांडीवर. रमाबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली. फार नव्हे, पण मागून घेऊन खाल्ली. आता दर शनिवारी सासू-सून त्या बाजारात जातात. त्या बाईला तिथे सगळे हालमोनी, म्हणजे आजी म्हणतात. रमाबाई तिच्या शेजारी बसून पात चिरतात; ती तिच्या भाषेत बोलते, या आपल्या. घरी रोज बुद्धवंदना झाली की रमाबाई थोडा वेळ तशाच हात जोडून बसतात. भावनाने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिचं भलं मागते."